गोल्डफिशच्या टाकीत खरी झाडं : सप्टेंबर ते मे

गेल्या आठवड्यात एक मित्र घरी आला, टाकीजवळ वाकून म्हणाला, "प्लॅस्टिकची झाडं बरी मिळालीत रे तुला." मी इतका खूश झालो की त्याला दुसरा चहा पाजला. झाडं खरी आहेत. नऊ महिन्यांपूर्वी मीच कुणाला तरी ठामपणे सांगत होतो की गोल्डफिश आणि झाडं हे समीकरण जमतच नाही.

टाकी तीच जुनी, ४ बाय दीड बाय दीड फुटांची, पाणी साधारण २३० लिटर. तीन ओरांडा, दोन फँटेल, दोन्ही गोल्डफिशच्याच जाती. बोअरचं जड पाणी, पीएच ८ च्या आसपास. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडणं वगैरे काही नाही, साधी एलईडी पट्टी.

सप्टेंबर

पहिली खरेदी हौसेची. हायड्रिला, कबोंबा आणि एक मोठं अ‍ॅमेझॉन स्वोर्ड. हायड्रिला म्हणजे शाळेत नरसाळं उलटं घालून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवायचे तेच झाड, म्हणून जरा जास्तच जिव्हाळा. चार दिवसांत त्याच्या नुसत्या काड्या उरल्या. कबोंबाच्या काड्यासुद्धा उरल्या नाहीत.

स्वोर्डचं मात्र वेगळं झालं. ते रोज संध्याकाळी तरंगताना दिसायचं, पानं जवळजवळ शाबूत. एका रविवारी खुर्ची टाकून बघत बसलो. ओरांडाने त्याच्या बुडाशी तोंडभर वाळू ओढली, चावली, थुंकली. परत ओढली. अर्ध्या तासात मुळं उघडी पडली, मग फिल्टरच्या प्रवाहाने उरलेलं काम केलं. माशाला झाडात रसच नव्हता, त्याला वाळूत काहीतरी सापडायची आशा होती.

गोल्डफिशला जठर नसतं. दात असतात, पण घशात. खाल्लेलं साठवायची सोय नाही, त्यामुळे स्वारी दिवसभर चरत आणि उकरत राहणार. म्हणजे त्रास दोन आहेत, एक तोंडाचा आणि एक नांगरटीचा. आपण बहुतेक जण पहिल्याचीच चर्चा करतो, "हे झाड गोल्डफिश खातो का?" माझ्या टाकीत निम्म्याहून जास्त झाडं दुसऱ्याने गेली. तेव्हापासून दुकानात माझा पहिला प्रश्न बदलला : हे झाड वाळूत न लावता जगतं का?

ऑक्टोबर-नोव्हेंबर

जगणाऱ्यांत पहिला नंबर अनुबियासचा. मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, ओढ्याकाठी दगडा-ओंडक्यांना धरून वाढणारं. पान चामड्यासारखं. शिवाय हे अळूच्या कुळातलं. चिंच न घालता अळू शिजवून बघा, घसा का खवखवतो ते कळेल. तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक या कुळात सगळीकडे असतात. फँटेलने पहिल्या दिवशी एक पान तोंडात धरलं, सोडलं, परत धरलं, सोडलं. पुन्हा वाटेला गेला नाही.

तरी दोनपैकी एक अनुबियास मी मारायच्या बेतात होतो. त्याचं खोड हळकुंडासारखं आडवं असतं, आणि आपला हात सवयीने ते मातीत पुरायला जातो. तीन आठवड्यांनी पानं देठासकट सुटायला लागली, उपटून पाहिलं तर खोड अर्धं लिबलिबीत, वास असह्य. ब्लेडने कडक भागापर्यंत कापलं, चार पानांचा तुकडा वाचला. खोड उघडं राहिलं पाहिजे. मुळं कुठेही जाऊ देत.

बांधणीचे प्रयोग : आईच्या शिवणाच्या डब्यातला सुती दोरा दहा दिवसांत ओढून सैल केला गेला. नायलॉनचा दोरा टिकला, पण खोडात रुतला. शेवटी फेविक्विकची जेलवाली ट्यूब. खोड कापडाने टिपायचं, मटाराएवढा थेंब, ओंडक्यावर अर्धा मिनिट दाबून धरायचं, लगेच पाण्यात. हा गोंद ओलाव्यानेच आवळतो. पांढरा डाग राहतो, महिन्याभरात शेवाळ त्याला झाकतं. पातळ ट्यूब नको, ती बोटांना आधी चिकटते.

जावा फर्नही त्याच पद्धतीने, दोन दगडांवर. नियम तोच, खोड पुरायचं नाही. पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तेव्हा रोग समजून दोन चांगली पानं कापून टाकली. ते बीजाणूंचे पुंजके होते. जुन्या पानांच्या टोकाला पिल्लं फुटतात, त्यांना बोटभर मुळं आली की तोडून दुसऱ्या दगडावर चिकटवायची. एका रोपाची आता सहा झालीत.

जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर माशांना लगेच शिव्या घालू नका. मासा कडेने ओरबाडतो. पानाच्या मधोमध टाचणीएवढी भोकं आणि भोवती पिवळी कड असेल तर बहुधा पोटॅशियम कमी पडतंय. नायट्रेट आणि फॉस्फेट गोल्डफिश भरपूर पुरवतो, पोटॅशियम आपल्याला घालावं लागतं.

डिसेंबर-जानेवारी

मागची काच रिकामी दिसत होती. उंच आणि वेगाने वाढणारं हवं, म्हणून वॅलिसनेरिया. बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यावरच्या परागीभवनासाठी जिचं नाव पाठ केलं, तीच ही. ही मातीशिवाय राहत नाही आणि मासे तिला कुरतडतातही. पण एकदा पाय रोवले की कुरतडण्यापेक्षा वाढ जास्त, आणि धुमारे सोडत पसरते.

तर सगळी मेहनत पाय रोवेपर्यंतची. सहा इंची मातीच्या कुंड्या, तळाला वाळू, वर लिंबाएवढे गोटे गच्च. ओरांडाच्या तोंडात मावणार नाही एवढा गोटा हवा, आणि तोंडात अडकेल असा मधल्या मापाचा तर अजिबात नको. पुढे भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटचा जाळीदार तुकडा उभा केला. टाकी सहा आठवडे तुरुंगासारखी दिसली. घरच्यांनी बरंच ऐकवलं.

एका कुंडीत क्रिप्टोकोराइन वेंड्टी. हेही अळूचं भावंड. लावल्यावर आठवड्यात सगळी पानं विरघळली. असं होतं, जागा बदलली की हे झाड रुसतं. मुळं हलवली नाहीत, पाचव्या आठवड्यात नवी पानं आली. क्रिप्टोकोराइन रेट्रोस्पायरॅलिससारखी याच घराण्यातली झाडं आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये आपसूक वाढतात. तिथेच बघावीत. पिशवीत घालून आणू नयेत, एवढीच माझी विनंती.

फेब्रुवारी

आईचं पहिल्या दिवसापासून एकच मत होतं, "भूक लागली असेल त्यांना, खायला घाल." मी पेलेटच्या, म्हणजे माशांच्या गोळीखाद्याच्या, डब्यावर छापलेलं प्रमाण तिला वाचून दाखवत होतो. तिचं बरोबर निघालं. मामाच्या गोठ्यावर म्हशींसाठी अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) करतात, तिथून बादलीभर आणला. बाल्कनीतल्या टबात वाढवतो आणि रोज सकाळी एक मूठ टाकीत. दुपारपर्यंत साफ. आठवड्यातून दोनदा उकडून साल काढलेला मटार किंवा पालकाचं पान. पोट हिरव्याने भरल्यापासून वॅलिसनेरियाची नुकसानी निम्म्यावर आली. जाळी त्यानंतरच काढली.

मनी प्लांटच्या चार फांद्याही फिल्टरच्या खोक्यात खोचल्या, मुळं पाण्यात, पानं बाहेर. मुळं थेट टाकीत सोडली होती तेव्हा त्यांच्या शेवया झाल्या. खोक्यात मासा पोचत नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट आठवड्याअखेर ४० पीपीएमला जायचं, आता २० च्या आसपास थांबतं. पाणी मात्र पूर्वीसारखंच बदलतो, आठवड्याला निम्मं.

एप्रिल-मे

पाणी ३१ अंशांवर गेलं. झाकण काढून पृष्ठभागावर पंखा लावला, तीन अंश उतरलं, बाष्पीभवनाने रोज बादलीभर भर घालावी लागली. अनुबियासच्या पानांवर काळं केसाळ शेवाळ आलं, चूक माझीच, दिवा नऊ तास चालू राहत होता. सहा तासांवर आणला आणि ते ओंडके वॅलिसनेरियाच्या सावलीत सरकवले. फार माखलेली पानं कापली. अनुबियास महिन्याला एखाददुसरं पान देतं, त्यामुळे प्रत्येक कात्री जिवावर येते.

मंगळवारी त्याच वाचवलेल्या तुकड्याला फूल आलं. अळूच्या फुलासारखंच, पांढरट छत्री आणि मध्ये दांडा, पाण्याखालीच उमललेलं. फोटो सकाळी नीट उजेडात काढू म्हटलं. सकाळी देठ होता. पांढरं काहीतरी ओरांडाच्या ओठाला चिकटलेलं होतं, आणि त्याने ते माझ्यादेखत थुंकलं.