आमची वाटचाल: रीमरच्या खणातून

आम्ही रायफलची बॅरल बसवतो. शूटरने आणलेलं कोरं बॅरल लेथवर धरायचं, त्यात काडतुसाचं घर म्हणजे चेंबर कापायचं आणि ते त्याच्या ॲक्शनला, म्हणजे रायफलच्या बोल्टच्या भागाला, फिट करून द्यायचं, हेच काम. मी, धाकटा भाऊ आणि एक जुनी लेथ, एवढ्यावर सुरुवात केली. प्रत्येक काडतुसाला चेंबर कापायचं वेगळं हत्यार म्हणजे रीमर लागतो, त्यामुळे कुठलं काडतूस चालणार हे आधी ओळखता आलं नाही तर पैसे खणात पडून राहतात.

सुरुवातीला सगळं .३०८ विंचेस्टरवर होतं. १९५२ चं काडतूस, बॅरल खूप टिकतं, पण लांबच्या टारगेटवर वारा गोळीला फार ढकलतो आणि खांद्याला धक्काही बराच बसतो. ६.५ मिलिमीटरची लांब, सडपातळ गोळी वाऱ्याला कमी दाद देते म्हणून लोक तिकडे वळायला लागले आणि माझा जीव जडला .२६० रेमिंग्टनवर. १९९७ मध्ये आलेलं, .३०८ चीच केस म्हणजे पितळी नळी, फक्त मान ६.५ ची, कागदावर आकडे बघितले तर आणखी काही लागतच नव्हतं. मी दोन रीमर, गेज, सगळं घेऊन बसलो.

मग एक दिवस एक शूटर आला, त्याचं .२६० चं बॅरल मीच केलेलं. त्याने टेबलावर मॅगझीन ठेवलं आणि म्हणाला, हे काडतूस आत घालून बघा. १४० ग्रेन वजनाची लांब गोळी, तिचं टोक मॅगझीनच्या पुढच्या भिंतीला अडत होतं, टोकावर चकचकीत ओरखडा. बसवायचं तर गोळी केसमध्ये खोल दाबायची, म्हणजे ती पावडरची जागा खाणार. चेंबर मी नीट कापलं होतं, मॅगझीनचा विचारच केला नव्हता. मजुरी परत केली, पण तो ओरखडा अजून डोळ्यासमोर आहे.

६.५ क्रीडमूर हे दुसरं ६.५ चं काडतूस का जिंकलं ते मला तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या कॅम्प पेरीच्या मॅचेसच्या वेळी शूटर डेनिस डिमिल आणि काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नडीचे डेव्ह एमरी यांच्या बोलण्यातून ते निघालं, म्हणजे शूटरला काय हवं इथूनच सुरुवात. केस १.९२ इंच, .२६० ची २.०३५, तेवढ्या फरकात लांब गोळी २.८ इंचाच्या मॅगझीनमध्ये आरामात बसते. वेग जवळपास तोच! आणि हॉर्नडीने मॅचच्या दर्जाची तयार काडतुसं बाजारात ठेवली, सुरुवातीला तर खोक्यावरच लोडची (कुठली पावडर, किती) माहिती छापलेली, त्यामुळे स्वतः काडतूस न भरणारा नवा माणूसही पहिल्याच दिवशी चांगला ग्रुप काढायचा, म्हणजे गोळ्या जवळजवळ पाडायचा. २००५ चं ६.५ बाय ४७ लापुआ अचूकतेत कुठेच कमी नव्हतं, ब्रास म्हणजे रिकामी केस तर फारच सुंदर, पण ते बहुतेक स्वतः भरणाऱ्यांचंच राहिलं.

पुढे पीआरएस म्हणजे प्रिसिजन रायफल सिरीजच्या मॅचेसमध्ये ६ मिलिमीटर आलं. तिथे ३२०० फूट प्रति सेकंद ही वेगाची कमाल मर्यादा आहे, मग नुसत्या वेगामागे धावून काय मिळणार, धक्का कमी हवा, म्हणजे आपलाच हिट स्कोपमध्ये दिसतो आणि पुढची दुरुस्ती लगेच करता येते. डॅशर हे ६ मिलिमीटरचं काडतूस आधी ६ बीआर या दुसऱ्या काडतुसाच्या ब्रासमधून फायर फॉर्म करून, म्हणजे गोळी झाडून केस चेंबरच्या आकाराची फुगवून, घ्यावं लागायचं, त्यातच कितीतरी गोळ्या आणि बॅरलचं आयुष्य जायचं. तयार ब्रास मिळायला लागल्यावर आमच्याकडे डॅशरची विचारणा एकदम वाढली. म्हणून आता नवीन रीमर मागवायच्या आधी मी आकडे नंतर बघतो, पहिले ब्रास कोण बनवतंय आणि कायम मिळणार का हे विचारतो.

.२६० चे दोन्ही रीमर अजून खणात आहेत, भाऊ दर महिन्याला तेल लावतो. मॅगझीनवाला शूटर मागच्या सीझनला डॅशरचं बॅरल करायला आला, आणि मी मागायच्या आधीच त्याने पिशवीतून मॅगझीन आणि डमी काडतूस काढून लेथच्या बाजूला ठेवलं.