शिआन : मातीच्या सैन्यापर्यंत पोहोचण्याचा खरा रस्ता

चीनमधील शिआनला जाणाऱ्या प्रत्येक मराठी प्रवाशाला पहिली गोष्ट सांगायची ती ही की, रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात जो कोणी आपणहून तुमच्याशी इंग्रजीत बोलायला येईल, त्याच्यामागे एक पाऊलही जाऊ नये. त्याच्या गळ्यात ओळखपत्र असेल, अंगात गणवेशासारखे जाकीट असेल आणि हातात मातीच्या सैनिकांच्या संग्रहालयाचे चित्र असलेला फलकही असेल. तरीही जाऊ नये.

आम्हां दोघांना अशाच एका माणसाने सांगितले की संग्रहालयाकडे जाणारी बस दुरुस्तीच्या कामामुळे आज बंद आहे आणि त्याची गाडी ‘अधिकृत’ असून प्रवेश धरून माणशी ३०० युआन पडतील. गाडी निघाली ती थेट संग्रहालयाकडे गेलीच नाही. आधी पुतळ्यांच्या प्रतिकृती बनवण्याच्या एका कारखान्यात तासाहून अधिक काळ बसवून ठेवण्यात आले आणि हातभर उंचीचा मातीचा सैनिक विकत घेतल्याशिवाय निघूच नये, अशा थाटात विक्रेती मागे लागली. त्यानंतर रंगीत दिव्यांच्या एका दालनात नेऊन सम्राटाच्या भूमिगत राजवाड्याची प्लास्टरची नक्कल दाखवण्यात आली आणि तिचे पैसे वेगळे घेण्यात आले. हे मातीचे सैन्य ज्याच्या कबरीच्या राखणीसाठी पुरले गेले, त्या चीनच्या पहिल्या सम्राटाची, छिन शि ह्वांगची, खरी कबर आजवर पुरातत्त्वज्ञांनी उघडलेली नाही. जे आहे ते झाडांनी झाकलेले एक मोठे टेकाड, आणि त्याच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण आसपासच्या मातीपेक्षा जास्त आढळले आहे. त्यामुळे कबरीच्या आत नेतो असे म्हणणारा माणूस खोटे बोलतो आहे, हे निःशंक समजावे. आम्ही खऱ्या दारात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती, सगळ्या सहली एकाच वेळी येऊन थडकल्या होत्या, आणि प्रवेशाचे १२० युआन पुन्हा आमच्याच खिशातून गेले. त्या सकाळचा संताप अजूनही शमलेला नाही.

खरे-खोटे ओळखण्याची एक खूण पक्की आहे. या संग्रहालयाचे तिकीट प्रवाशाच्या नावाने निघते आणि परदेशी माणसाला ते पारपत्रावर मिळते. दारात तेच पारपत्र तपासले जाते. ज्या ठिकाणी पारपत्र न पाहता आत सोडतात, ते ठिकाण दुसरेच काहीतरी आहे.

आता नीट रस्ता. शहराच्या आतून मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेने पूर्वेला फांगझचंग स्थानकापर्यंत जावे, तेथे नवव्या मार्गिकेत बदलून लिनतोंग भागातील ह्वाछिंगछ स्थानकावर उतरावे आणि बाहेर पडल्यावर ६०२ क्रमांकाची शहर बस घ्यावी. सगळा खर्च त्या ‘अधिकृत’ गाडीच्या भाड्याच्या तुलनेत नगण्य आहे. मेट्रोतून बाहेर आल्यावर टॅक्सीवाले घोळका करतात आणि बस अर्ध्या तासाने येईल असे सांगतात. त्यांच्याकडे लक्ष न देता बसथांब्यावर उभे राहावे. सकाळी दार उघडायच्या वेळेला पोहोचणे हाच गर्दीवरचा एकमेव उपाय आहे.

आत गेल्यावर मात्र सगळा शीण विसरायला होतो. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना या पुतळ्यांचे तुकडे सापडले आणि आज उत्खननाच्या पहिल्या खड्ड्यावर विमानांच्या हँगरसारखे छत आहे. समोरच्या कठड्याशी चेंगराचेंगरी करण्यात अर्थ नाही. बाजूच्या मार्गाने सरळ मागच्या टोकाला जावे, कारण फुटलेले पुतळे तुकडा-तुकडा जुळवून उभे करण्याचे काम तेथे चालते आणि तेथे माणसेही कमी असतात. दुसऱ्या खड्ड्यातून निघालेला गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी काचेच्या पेटीत ठेवला आहे. त्याला पाठीमागून पाहावे. वर उचललेल्या बुटाच्या तळव्यावर टाके कोरले आहेत, चवड्याला आणि टाचेला दाट, मध्ये विरळ. ज्या तळव्याकडे कोणाची नजर जाणार नव्हती, त्यावर कारागिराने एवढे कष्ट घेतले, हे पाहून मी बराच वेळ तेथून हललो नाही. १९८० साली सापडलेले कांस्याचे रथ या आवारात नाहीत. ते आता लिशान उद्यानातील वेगळ्या संग्रहालयात आहेत; त्याच तिकिटावर तेथे नेणारी बस मिळते. अनेक लोक हे माहीत नसल्याने रथ न पाहताच परततात, हे फार वाईट आहे.

शान्शी इतिहास संग्रहालयासाठी काही दिवस आधी नोंदणी करावी लागते. तेथे काही अडचण आली नाही.

शहराची तटबंदी मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. मिंग राजघराण्याच्या काळात, १३७० च्या दशकात उभी राहिलेली ही भिंत सुमारे १४ किलोमीटर लांब आणि १२ मीटर उंच असून तिच्या माथ्यावर भाड्याने सायकली मिळतात. दक्षिण दरवाज्याने चढून पूर्ण फेरी मारावी. विटांच्या खडबडीत फरसबंदीवर मनगटे आणि पाठ दुखतात, सावली जवळजवळ नाही आणि पाऊस आला तर सायकली देत नाहीत. तरीही संध्याकाळच्या उन्हात एका बाजूला जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला उंच इमारती ठेवून केलेली ती फेरी माझ्या आयुष्यातील उत्तम भटकंतींपैकी एक आहे.

ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला मोठा राजहंस पॅगोडा याच शहरात आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात फिरून, उपकार न विसरणाऱ्या आणि अपमान सहन न करणाऱ्या येथील लोकांबद्दल लिहून ठेवणारा तो प्रवासी ६४५ साली याच नगरीत परतला होता. मराठी माणसाने येथे जायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाराचे आणि वर चढण्याचे तिकीट वेगवेगळे असते. जिने अरुंद आहेत, पण चढावे.

खाण्याच्या बाबतीत, मुस्लिम वस्तीतील मुख्य गल्ली महाग आणि दिखाऊ आहे. तिला फुटणाऱ्या आडव्या गल्ल्यांत तेच पदार्थ स्वस्त आणि चांगले मिळतात. शाकाहारी माणसाने थंड ल्यांगफी शेवया आणि तेंदूसारख्या केशरी फळाच्या तळलेल्या वड्या खाव्यात, आणि ‘मांस, अंडे, मांसाचा रस्सा नको’ असे चिनी लिपीत लिहिलेला कागद जवळ ठेवावा.

अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचे चिनी ॲप भारतातून निघण्यापूर्वीच चालू करून त्याला कार्ड जोडावे आणि दुसऱ्या बँकेचे कार्डही बरोबर असावे, कारण काही भारतीय कार्डे ऐनवेळी नाकारली जातात. २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर परदेशी कार्डाला ३ टक्के आकार पडतो, म्हणून मोठी रक्कम रोखीने द्यावी. गुगलचा नकाशा तेथे भरवशाचा नाही. अमॅप हे नकाशाचे चिनी ॲप आधीच उतरवून घ्यावे. १ ते ७ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्टीत शिआनला अजिबात जाऊ नये.