नाव लिहून घेणारं शहर

काही वर्षांपूर्वी मी निर्वासित मुलांच्या एका वर्गाला इंग्रजी शिकवायला जात असे. पहिल्याच दिवशी हजेरीपट हातात आला. 17 मुलं, आणि त्यातल्या 11 जणांची जन्मतारीख 1 जानेवारी. लिहिणाऱ्याने कंटाळा केला असेल असं वाटून मी विचारलं, तेव्हा कळलं की खरी तारीख ठाऊक नसली की नोंदणीच्या वेळी बऱ्याचदा हीच घालतात. वर्ष अंदाजाने, दिवस वर्षाचा पहिला. घर रातोरात सोडताना दाखले कोण शोधत बसणार? तो हजेरीपट माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. म्हणून जिनिव्हाला जायचा योग आला तेव्हा सरोवर आणि कारंजं नंतरसाठी ठेवलं. ही नावं लिहून घ्यायची रीत जिथे सुरू झाली, ते आधी बघायचं होतं.

कॉर्नाव्हँ स्टेशनवरून 15 नंबरची ट्राम थेट नासियाँ चौकात सोडते. चौकात 12 मीटर उंचीची लाकडी खुर्ची आहे, तिचा एक पाय चिरफाळून तुटलेला. भूसुरुंगांविरुद्ध आवाज उठवण्यासाठी ती 1997 मध्ये उभारली. लोक तिच्याखाली फोटो काढत होते. मी तशीच चढण चढून संयुक्त राष्ट्रांच्या पॅले दे नासियाँच्या प्रेन्यी दरवाजापाशी गेले. आत जायला मूळ ओळखपत्र लागतं. सुरक्षारक्षकाने पासपोर्टातला फोटो पाहिला, मग माझा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. जेमतेम अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या हाताला घाम आला होता, आणि माझे तर सगळे कागद चोख होते.

आतली दालनं भव्य आहेत. त्यांची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत, मी करत नाही. माझं लक्ष मार्गदर्शक मुलीच्या तोंडी एक नाव कधी येतं याकडे होतं. फ्रिचॉफ नान्सेन. तो या इमारतीत कधी बसला नाही, ती पुरी होण्याआधीच, 1930 मध्ये तो वारला. 1888 मध्ये ग्रीनलंडचं हिमपठार ओलांडणारा हा नॉर्वेजियन माणूस 1921 मध्ये राष्ट्रसंघाचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचा, निर्वासितांसाठीचा पहिला उच्चायुक्त झाला. रशियातली क्रांती आणि यादवी युद्ध यांतून लाखो लोक युरोपभर पांगले होते. त्याच वर्षी सोव्हिएत सरकारने त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्व काढून घेतलं. अन्न, कपडे, तंबू हे सगळं लागतंच, पण नान्सेनने ओळखलं की या माणसांना सरहद्द ओलांडता येत नाही, काम मिळत नाही, कारण ती कोण आहेत हे सांगणारा कागद नाही. म्हणून 1922 मध्ये 'नान्सेन पासपोर्ट' आला. खरं तर तो नुसता ओळखीचा दाखला. पुढे तो आर्मेनियन निर्वासितांनाही मिळू लागला, आणि 50 हून अधिक देशांनी मानला. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शगाल यांनीही त्याच कागदावर प्रवास केला. दाखल्यावर 5 सुवर्ण फ्रँकचं तिकीट चिकटवायचं, त्या पैशातून गरजूंना मदत व्हायची. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ते माफ. ही बारीकशी तरतूद मला फार मोलाची वाटते.

निर्वासितांविषयीचा करार याच शहरात 28 जुलै 1951 रोजी संमत झाला. जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे कुणालाही परत ढकलायचं नाही, हे त्याचं 33वं कलम, आणि सगळ्या संरक्षणाचा कणा तोच. पण मूळ करारात एक अट होती : 1 जानेवारी 1951 पूर्वीच्या घटनांमुळे परागंदा झालेलेच निर्वासित धरायचे. जगाला वाटलं होतं, हा प्रश्न मागच्या युद्धाचा आहे, उरकला की संपेल. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं आजचं कार्यालय, यूएनएचसीआर, त्याच 1 जानेवारीपासून कामाला लागलं, तेही फक्त तीन वर्षांच्या मुदतीवर. तारखेची ती अट 1967 च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पुरवणी कराराने, काढली. कार्यालय अजून चालूच आहे. 2024 अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेले लोक 12 कोटी 32 लाख होते.

समोरच्या बाजूला रेडक्रॉसचं संग्रहालय आहे. दारात झाकलेल्या, दगडी माणसांचा एक घोळका उभा आहे. त्यांना चेहरे नाहीत. तिथून आत गेल्यावर पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची कार्डं समोर येतात, आणि मी तिथेच थांबले. जवळपास दीड तास.

कपाटंच्या कपाटं, आणि त्यांत पेट्यांमधून ओळीने उभी केलेली कार्डं. 1914 ते 1923 या काळात रेडक्रॉसच्या इथल्या युद्धकैदी एजन्सीने अशी 60 लाखांहून जास्त कार्डं लिहिली. पद्धत साधी होती. आईचं किंवा बायकोचं पत्र आलं की त्या जवानाच्या नावाचं एक कार्ड. शत्रुदेशाकडून कैद्यांची यादी आली की तिच्यातल्या प्रत्येक नावाचं दुसरं कार्ड. दोन्ही एकाच वर्णक्रमात लावत जायची. कधीतरी एका नावाची दोन कार्डं शेजारी शेजारी यायची, आणि मग घरी पत्र जायचं : सापडला. या कामाला शेकडो स्वयंसेवक बसत, त्यांत स्त्रिया खूप होत्या. काही महिने फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँही तिथे पत्रं वाचत होते. एकाच नावाचे कित्येक लोक, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, अक्षर किरटं. एक अक्षर चुकलं तर ती दोन कार्डं कधीच भेटायची नाहीत. मी काचेला नाक लावून एक-एक ओळ वाचत राहिले. शाई काही ठिकाणी पसरली आहे.

त्याच दालनात रवांडातल्या मुलांचे फोटो आहेत. 1994 च्या नरसंहारानंतर एकट्या पडलेल्या मुलांचे चेहरे टिपून ठेवले होते, कुणा नातेवाइकाने ओळखावं म्हणून. लहानग्यांना स्वतःचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं. मग चेहरा हेच कार्ड.

दुसऱ्या दिवशी माँब्रियाँ रस्त्यावर, यूएनएचसीआरच्या मुख्यालयाजवळच्या एका बाकावर ओळखीतल्या एका बाईंना भेटले. अनेक छावण्यांत नोंदणीचं काम केलेल्या. मी त्यांना 1 जानेवारीबद्दल विचारलं.

"माणसं तारखा सांगतच नाहीत हो," त्या म्हणाल्या. "पेरणीच्या आधी, धाकटीचा जन्म झाल्यावर, पूल पडला त्या साली, असं सांगतात. आपण त्यावरून वर्ष बसवायचं. घाई केली की पुढच्या मुलाखतीत वेगळं वर्ष निघतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, हा माणूस खोटं बोलतोय."

त्यांच्या मते छावणीतलं सगळ्यात महत्त्वाचं टेबल डॉक्टरांचं, आणि त्याच्या खालोखाल जन्मनोंदणीचं. जगात अजून 24 देशांत आईला वडिलांच्या बरोबरीने आपलं नागरिकत्व मुलाला देता येत नाही. वडील बेपत्ता असले, किंवा त्यांनाच नागरिकत्व नसलं, तर मूल जन्मतःच कुठल्याही देशाचं नसतं. शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या वेळी हे पुन्हा पुन्हा आडवं येतं. अशा लोकांची जगभरातली नोंद 44 लाखांच्या आसपास आहे. "नोंद," त्यांनी तो शब्द मुद्दाम पुन्हा उच्चारला. जो मोजलाच गेला नाही तो त्या आकड्यात नाही.

मी किर्गिझस्तानचा विषय काढला तसा त्यांचा चेहरा उजळला. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथे हजारो लोकांच्या हाती निकामी झालेले जुने पासपोर्ट उरले होते. अझीझबेक अशुरोव या वकिलाच्या पथकांनी दुर्गम गावं पालथी घातली, प्रसंगी घोड्यावरून, आणि 10,000 हून जास्त लोकांना नागरिकत्व मिळवून दिलं. 2019 मध्ये ज्ञात असलेली सगळी प्रकरणं मिटवणारा तो पहिला देश ठरला. म्हणजे हे होऊ शकतं. पैशापेक्षा चिकाटी लागते, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटच्या दिवशी लोझानला जाऊन तिथल्या ऊशी बंदरातून एव्हियाँची बोट धरली. अर्ध्या तासाचा प्रवास, पलीकडचा काठ फ्रान्सचा. जुलै 1938 मध्ये तिथल्या रॉयाल हॉटेलात 32 देश जमले होते, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ज्यूंना कोण घेणार हे ठरवायला. नऊ दिवस सहानुभूतीची भाषणं झाली. मोठ्या संख्येने घ्यायला तयार झाला एकटा डोमिनिकन प्रजासत्ताक. हॉटेल टेकडीवर आहे, हिरवळ नीट कापलेली. मी फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. आत जावंसं वाटलं नाही.

परतीच्या बोटीवर पॉल ग्र्युनिंगर डोक्यात होता. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनचा पोलीस अधिकारी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडने सरहद्द बंद केली, तेव्हा तो येणाऱ्यांच्या कागदांवर बंदीच्या आधीची तारीख घालत राहिला. शेकडो ज्यू त्या खोट्या तारखांवर जगले. 1939 मध्ये त्याला बडतर्फ केलं, पुढे शिक्षाही झाली. 1972 मध्ये तो गरिबीत वारला, आणि कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं ते 1995 मध्ये.

ऊशीच्या धक्क्यावर उतरले तेव्हा दिवे लागले होते. दोन देशांमधून ये-जा झाली होती, पण पासपोर्ट कुणी मागितला नाही. तो मी दिवसभर पर्समध्ये हाताशी धरून होते. बाकावर बसून त्या वर्गाचा हजेरीपट पहिल्या नावापासून आठवायला घेतला. 17 पैकी 14 नावं आठवली.