उणे तीसमध्ये टेंट लावायचाय? आधी घामाचा विचार करा

थंडी पडली आणि निफाडचा पारा पेपरात यायला लागला की माझ्याकडे मेसेज सुरू होतात, ताई आम्ही फेब्रुवारीत नॉर्वेला चाललोय, बर्फात टेंट लावायचाय, जॅकेट कुठलं घेऊ. दरवर्षी वेगवेगळ्या लोकांना तेच टाईप करते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

नॉर्दर्न लाईट्स बघायला हॉटेलातून दोन तास बाहेर पडणार असाल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, तिथं टूरवाले एक जाडजूड ओव्हरऑल आणि बूट देतात, ते घाला आणि मस्त बघा. मी लिहितेय ते दिवसभर स्कीवर नाहीतर स्नोशूजवर चालायचं, कमरेला बांधलेली सामानाची स्लेज, तिला तिकडे पल्क म्हणतात, ती मागं ओढायची आणि रात्री बर्फावरच झोपायचं अशा ट्रिपबद्दल. नॉर्वेत फिनमार्कचं पठार आहे, कारासयोकच्या आसपास, तिथं फेब्रुवारीत उणे 15 ते उणे 30 यात कुणाला काही विशेष वाटत नाही. नॉर्वेचा आजवरचा सगळ्यात खालचा पारा पण कारासयोकचाच, उणे 51.4, 1886 सालचा. आणि वारा वेगळा, नुसता उणे 20 असेल आणि ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ते उणे 33 सारखं लागतं आणि अर्ध्या तासाच्या आत गाल, नाक गोठू शकतं.

पण खरं सांगू का, इतक्या थंडीत माणूस गारठतो तो बहुतेक वेळा स्वतःच्या घामानं. पल्क ओढताना उणे 25 मध्येही घाम येतो, भरपूर येतो, आणि पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब खेचून नेतं, म्हणजे चालताना छान वाटत असतं आणि चहाला थांबलात की पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून कुठलीही वस्तू घेताना मी दुकानदाराला ती किती गरम आहे हे विचारत बसत नाही, ह्यातला ओलावा कुठे जाणार हे मी आधी बघते. कपडे, बूट, स्लीपिंग बॅग, टेंट, सगळ्याला हाच एक प्रश्न.

अंगाला लागून कॉटन अजिबात नाही, बनियनसुद्धा नाही. मेरिनो लोकरीचा पातळ थर घ्या, आपल्याकडे धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब धरून ठेवते तसंच हे, फक्त मऊ आणि अंगाबरोबर. त्याच्याही आत मी जाळीचं बनियन घालते. हो, अक्षरशः जाळी. 1933 च्या सुमाराला नॉर्वेच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं हेरिंग मासे पकडायच्या जुन्या जाळ्यांपासून असं बनियन करून बघितलं आणि ते तिकडे अजून वापरतात, कारण जाळीच्या भोकांत हवा राहते आणि ओला कपडा कातडीला चिकटत नाही. बघायला विचित्र दिसतं, पण एकदा घातलंत की सोडवत नाही.

त्यावर पातळ फ्लीस आणि मग वारा अडवणारं जॅकेट. इथे बरेच जण भारीतलं वॉटरप्रूफ मेंब्रेनवालं, म्हणजे आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेलं, जॅकेट घेतात, पैसेही त्यातच सगळ्यात जास्त जातात. पण उणे 20 मध्ये पाऊस पडत नाही हो. उलट घामाची वाफ त्या मेंब्रेनच्या आतल्या बाजूला गोठते आणि संध्याकाळी जॅकेट झटकलं की आतून बर्फाचा चुरा पडतो. त्यापेक्षा घट्ट विणलेल्या पॉलीकॉटनचा सैल अनोरक, म्हणजे डोक्यातून घालायचं टोपीवालं जॅकेट, शंभर पटीनं चांगला, वारा अडवतो आणि वाफ जाऊ देतो. नॉर्वेचा ध्रुवीय प्रवासी अमुंडसेन 1903 ते 1905 उत्तर कॅनडातल्या ग्योआ हेवनला मुक्कामाला होता तेव्हा तो तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून हेच शिकला, त्यांचे कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या, कातड्याचे कपडे ढगळ असायचे, गरम व्हायला लागलं की आत हवा खेळवायची आणि घाम येऊच द्यायचा नाही. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली, नियम तोच आहे. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असताना निघालात तर दहा मिनिटांत भिजणार.

जाड जॅकेट मग कशाला, तर थांबल्यावर घालायला. ते सगळ्याच्या वरून चढलं पाहिजे म्हणून एक साईज मोठं घ्या, पल्कमध्ये सगळ्यात वर ठेवा, आणि थांबलात की पाणी पिण्याच्या आधी, फोटोच्या आधी ते अंगावर. ह्या कामाला मला डाऊनपेक्षा, म्हणजे बदक-हंसाच्या मऊ पिसांपेक्षा, सिंथेटिक आवडतं, कारण ते कायम थोड्या ओल्या कपड्यांवरून घातलं जातं आणि डाऊन ओलं झालं की बसतं. डाऊन टेंटमधल्यासाठी ठेवा.

पायाबद्दल थोडक्यात. बूट असा घ्या की आतला लायनर निघतो आणि रात्री बॅगेत घेऊन झोपता येतं, आणि दोन जाड मोज्यांनंतरही बोटं हलली पाहिजेत, घट्ट बूट म्हणजे रक्त पोचत नाही. पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा, असं केलं की पायाचा घाम जाड मोज्यात आणि बुटात जात नाही. संध्याकाळी पातळ मोजा ओला निघतो पण बूट कोरडा राहतो. तिथले मूळ रहिवासी सामी लोक पूर्वी रेनडिअरच्या कातड्याच्या बुटात एक प्रकारचं सुकवलेलं गवत भरायचे, ओलावा शोषायला, आणि रात्री ते काढून वाळवायचे. काम तेच.

आता स्लीपिंग बॅग, इथे मला जरा जास्त बोलायचंय. बॅगेवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानात मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा लिमिट लिहिलेला असतो. तुम्ही फक्त कम्फर्ट बघा. एक्स्ट्रीमचा अर्थ त्या तापमानात माणूस कसाबसा तगेल, झोपेचा तिथे संबंध नाही. आणि उणे 30 मध्ये अंगातून रात्रभर जी वाफ निघते ती बॅगेच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचते आणि तिथेच गोठते, सकाळी ती निघत नाही, दुसऱ्या रात्री अजून भर पडते. 1911 मध्ये अंटार्क्टिकात केप क्रोझियरला ऐन हिवाळ्यात गेलेल्या तिघांपैकी चेरी-गॅरार्डची बॅग निघताना 18 पौंडांची होती, परत आली तेव्हा 45 पौंडांची, वरचं सगळं वजन बर्फाचं. बॅग रेनडिअरच्या कातड्याची होती, पण डाऊनमध्येही हेच होतं.

ह्यावर दोन उपाय. एक म्हणजे डाऊनच्या बॅगेवरून सैल सिंथेटिक बॅग चढवायची, मग वाफ गोठते ती बाहेरच्या सिंथेटिकमध्ये आणि डाऊन फुललेलं राहतं. दुसरा म्हणजे आत वाफ न जाऊ देणारं लायनर, ज्यात तुम्ही थोडे चिकट होऊन झोपता पण बॅग कोरडी राहते. मी पहिला वापरते, कारण मला त्या लायनरमध्ये झोप लागत नाही. तीन-चार रात्रींचीच ट्रिप असेल तर दोन्ही नाही केलं तरी चालतं. पहिल्यांदा जाताय तर माझं ऐका, स्वीडनमध्ये अबिस्कोपासून निक्कालुओक्ताकडे कुंग्सलेडेन नावाच्या ट्रेकच्या वाटेवरून जा, मार्चमध्ये. दिवसभराच्या चालीवर हट आहेत, लाकडाची शेगडी असते, वर दोऱ्या बांधलेल्या असतात, एक दिवसाआड बॅग वाळवता येते.

मॅटचं लोक शेवटी बघतात आणि तिथेच मार खातात. बॅगेचं डाऊन अंगाखाली दबलं की त्याची ऊब संपली, खालून बर्फ अडवते ती मॅटच. आर व्हॅल्यू बघा, म्हणजे मॅट थंडी किती अडवते त्याचा आकडा, किमान 6 पाहिजे, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या की आर व्हॅल्यूची बेरीज होते. खाली साधी फोमची घडीची मॅट, वर हवेची. हवेची फुटली तर फोम आहेच. आणि हवेची मॅट तोंडानं फुगवू नका, श्वासातली वाफ आत जाऊन गोठते, पंपाची पिशवी मिळते ती वापरा.

स्टोव्हच्या बाबतीत आपली आजी आपल्यापेक्षा हुशार होती. गॅसच्या कॅनिस्टरमधला ब्यूटेन उणे 0.5 ला उकळतो, आयसोब्यूटेन साधारण उणे 12 ला, त्याच्या खाली ते कॅनमध्ये नुसतं लिक्विड म्हणून पडून राहतं, वाफच होत नाही तर जळणार काय. म्हणून पंप मारायचा, लिक्विड फ्युएलचा स्टोव्ह. पितळी प्रायमस आपल्याकडे घरोघरी होता ना, काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप, अडकलं की पिन, तो स्वीडनमध्ये 1892 चा, आणि नान्सेन, अमुंडसेन ह्या दोन्ही ध्रुवीय प्रवाशांनी त्याच जातीचा स्टोव्ह नेला होता. आजचे ट्रेकिंगचे स्टोव्ह आतून तेच आहेत. ज्यांनी लहानपणी आईला काकडा पेटवताना बघितलंय त्यांना अर्धं काम येतंच. दोन गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत. एक, उणे 30 मधलं पेट्रोल गोठत नाही, ते हातावर सांडलं तर तितक्याच थंड लिक्विडमध्ये हात बुडवल्यासारखं आहे, वर ते उडून जाताना अजून ऊब घेऊन जातं, लगेच फ्रॉस्टबाईट. दोन, बंद टेंटमध्ये स्टोव्ह म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, वास येत नाही, कळत नाही. टेंटच्या वऱ्हांड्यात पेटवा, वरचं आणि खालचं झाकण उघडं ठेवा, कितीही वारा असो. बर्फ वितळवताना भांड्यात तळाला आधी थोडं पाणी घाला, नाहीतर भांडं जळतं.

टेंट टनेलचा चांगला, दोघांनी ग्लोव्हज घालून लागतो. बर्फात साधे खुंटे धरत नाहीत, स्की नाहीतर बर्फ भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोऱ्या बांधायच्या. सकाळी आतल्या कापडावर श्वासाचं दहिवर जमलेलं असतं, ते उठायच्या आधी छोट्या ब्रशनं खाली पाडून बाहेर टाका, नाहीतर स्टोव्ह पेटला की सगळं बॅगेवर ठिबकतं.

विकत काय घ्यायचं? अंगाला लागणारं सगळं इथूनच, मेरिनो, फ्लीस, मोजे. नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये लोकरीच्या टोप्या, मफलर चांगले मिळतात, पण लोकर की ॲक्रिलिक ते विचारून घ्या. मोठी बॅग, टेंट, पल्क पहिल्या वेळी तिकडे भाड्यानं घ्या. इंधन विमानात नेता येत नाही, ते तिकडेच घ्यायचं, आणि वापरलेला स्टोव्ह न्यायचा तर वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन वाळवा.

आणि जायच्या आधी एक टेस्ट नक्की करा. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचा उपयोग नाही, ते शून्याच्या आसपास असतं. फ्रोझन मटार, मका ठेवतात ती खोली उणे 18 च्या खाली असते, आपल्या जिल्ह्यात असे प्लांट आहेत, ओळखीनं, रीतसर परवानगी घेऊन, त्यांचा माणूस बरोबर ठेवून अर्धा तास आत जायला मिळतं. मी तिथं सगळं सामान नेते, मिटन्स, म्हणजे चार बोटं एकत्र राहतात ते जाड हातमोजे, घालून. टेंटचे पोल जोडायचे, बॅगेची चेन लावायची, बुटाची नाडी, डब्याचं झाकण, हेडलॅम्पचं बटण, सगळं मिटन्स न काढता. जे जमत नाही ते तिथेच वहीत लिहायचं. चेनचं छोटं हँडल मिटनमध्ये सापडतच नाही, त्यामुळे घरी आल्यावर प्रत्येक चेनला बोटभर लांबीची दोरी बांधायची, आणि ती नायलॉनचीच घ्या, सुतळी ओली होते आणि मग काडीसारखी कडक होऊन तुटते.