अठरा बाटल्या, दहा नखं

घर बदलताना धाकट्या बहिणीने बुटांचा एक खोका माझ्याकडे आणून दिला. "ताई, यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं ते तूच ठरव. माझ्याच्याने टाकवत नाही." खोक्यात नेलपॉलिशच्या अठरा बाटल्या होत्या. मी आजवर एकच फिक्कट गुलाबी लावत आले. तीही नखं उघडी दिसू नयेत एवढ्यापुरतीच. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. लावायचं, बघायचं, गुण द्यायचे, संपलं.

त्या संध्याकाळी भांडी घासून झाली, हात पुसले आणि दिव्याखाली बसले. नखं दहा, म्हणून पहिल्या फेरीत दहा बाटल्या. शेजारी जुनी वही. रंग, किती हात लागले, दहापैकी गुण. भिंतीला रंगाचा हात देतात तसंच मी नखावरच्या थरालाही 'हात' म्हणते. हाताच्या नखाला दुसरा हात दिला, हे वाक्य ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण 'कोट' म्हटलं की मला बाह्या दिसतात. बेस कोट (रंगाखालचा थर) आणि टॉप कोट (रंगावरचा) तेवढे तसेच ठेवते, बाटलीवर तेच छापलेलं असतं.

वहीचं ते पहिलं पान अजून आहे. काही नोंदी जशाच्या तशा:

"गर्द निळा: हा तर काळाच आहे. २."
"लव्हेंडर: राखाडी, आजारी. ३."
"मोरपिशी: छान! पण रात्रीतून चादरीचे ठसे. ५."
"विटकरी: दुसऱ्याच दिवशी टवका. २."
"पांढरा: कागदावरची चूक खोडायला बरा. ०."

उरलेल्या आठ बाटल्या दोन दिवसांनी तशाच उरकल्या. अठरापैकी अकरा नापास. बहिणीची निवड इतकी वाईट असेल असं वाटलं नव्हतं, पण वही समोर होती.

संशय आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी केस विंचरताना. काळा म्हणून नापास केलेला रंग चक्क निळा होता. खोल, पावसाळी रात्रीसारखा निळा. आमचा दिवा पिवळ्या उजेडाचा. त्या उजेडात निळा भागच कमी, मग नखावरून परत यायला निळं उरणार काय? लव्हेंडरचंही तेच झालं होतं. त्यातला जांभळेपणा दिव्याने गिळला आणि मी गुण रंगाचे कापले. दोन्ही ओळी खोडल्या. खोडताना वाटलं, मग बाकीच्या नऊ नोंदींचं काय?

आता मी नीट वाचायला बसले. बाटलीमागची बारीक अक्षरं आणि मग त्या शब्दांचे अर्थ. साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं, त्याचा नखावर पापुद्रा बनतो. ते एथिल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटिल अ‍ॅसिटेट या द्रावकांत विरघळवलेलं असतं, आणि बाटली उघडताच नाकात जातो तो वास त्या द्रावकांचा. ते उडून गेले की पापुद्रा मागे राहतो, यालाच आपण सुकणं म्हणतो. १९२०च्या दशकात मोटारगाड्यांना झटपट सुकणारा रंग म्हणून नायट्रोसेल्युलोजचं लॅकर वापरात आलं, आणि नखांचा आजचा रंग त्याच घराण्यातला. हे वाचल्यावर गाडीला रंग देणारा माणूस डोळ्यांपुढे आला. तो एकदम जाड थर कधीच फासत नाही. मी नेमकं तेच करत होते. एका हातात रंग भरावा म्हणून ब्रश निथळताच नव्हते. वरचा भाग सुकून कातडी धरायचा, खालचे द्रावक आत अडकायचे आणि बाहेर पडताना बुडबुडे सोडायचे. मोरपिशीवर उमटलेले चादरीचे ठसे त्यातलेच. बोट लावून रंग चिकटत नाही म्हणजे तो आतून घट्ट झाला असं नव्हे. त्याला पुढे कित्येक तास लागतात.

मग दुसरी फेरी. या वेळी एका दिवसात दोनच रंग.

नखं आधी रिमूव्हरच्या कापसाने पुसायची, स्वच्छ दिसत असली तरी. नखावर तेलकटपणा असतो, त्यावर रंग धरत नाही. आणि भांडी किंवा आंघोळ झाल्यावर लगेच बसायचं नाही. नख पाणी पितं. पाण्यात राहिलं की ते किंचित फुगतं, पसरतं, आणि सुकलं की पुन्हा आक्रसतं. फुगलेल्या नखावर रंग दिला, तर नख खालून आकसतं आणि वरचा पापुद्रा होता तेवढाच राहतो. टवका उडणारच. बिचाऱ्या विटकरीला मी भांड्यांचे गुण दिले होते.

विटकरीवर आणखी एक अन्याय झाला होता, तो मला फार उशिरा कळला. पहिल्या फेरीत ती उजव्या हाताच्या तर्जनीवर होती. डबा उघडायचा, चिकटपट्टी सोलायची, किल्ली फिरवायची, सगळं त्या बोटाने. आणि ज्या फिक्कट सोनेरीला मी "टिकाऊ, ८" लिहिलं, ती डाव्या करंगळीवर बसून होती. करंगळी दिवसभर करते काय? तिथे काहीही टिकलं असतं. तेव्हापासून नियम ठरवला: प्रत्येक रंग दोन बोटांवर. डाव्या अनामिकेवर दिसतो कसा ते बघायचं आणि उजव्या तर्जनीवर टिकतो किती ते. एकाच बोटावर सगळ्यांची परीक्षा, मग तक्रार नाही. विटकरी चौथ्या दिवसापर्यंत अखंड राहिली, सोनेरीचा टवका दुसऱ्याच दिवशी गेला. तिला आठवरून चारवर आणलं.

टोक बंद करण्याची युक्तीही इथेच कामी आली. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरून आडवा फिरवायचा, म्हणजे रंग कडेवरून किंचित खाली वळतो. कड उघडी राहिली की पाणी आणि धक्का तिथूनच आत शिरतात. पण हे आखूड नखांवर करताना निम्मा रंग बोटाला लागतो, हेही सांगायला हवं. मी बोटांच्या कडा नंतर बारीक ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून पुसते. कापसाच्या काडीने पुसलं तर तिचे तंतू ओल्या रंगात अडकतात आणि नखाला मिशा फुटतात.

मधे एक शहाणपणा केला. नखं तरी किती वेळा रंगवायची, म्हणून प्लास्टिकच्या पारदर्शक पट्ट्यांवर नमुने काढले. दिसायला सुरेख, ओळीने अठरा पट्ट्या. पण दोन अडचणी. एक म्हणजे पट्टीखाली कातडी नसते. जेलीसारखा पारदर्शक लाल पट्टीवर काचेच्या तुकड्यासारखा दिसला. नखावर मात्र दोन हातांनंतरही नखाचं पांढरं टोक त्यातून आरपार दिसत होतं. तिसरा हात दिल्यावर कुठे जमलं. शिवाय पट्टीशेजारी बोट नसतं. शेंदरी रंग पट्टीवर गोड होता, माझ्या सावळ्या बोटांवर तो खुलला, आणि फिक्कट करडा-गुलाबी पट्टीवर शालीन वाटणारा माझ्या हातावर बोटच मेल्यासारखा दिसला. दुसरी अडचण माझी स्वतःची. चुकलेल्या चार पट्ट्या अ‍ॅसिटोनच्या रिमूव्हरने पुसायला गेले. रंग निघाला, पण पट्टीही धुरकट आणि चिकट झाली, कारण अ‍ॅसिटोन काही प्लास्टिकही विरघळवतं. माझ्या बोटाचा ठसा त्यातल्या एका पट्टीवर कायमचा उमटला आहे. तीच मी आता वहीत खूण म्हणून वापरते.

दुसरी चूक महाग पडली. तीन बाटल्यांतला रंग घट्ट, तारा सुटणारा झाला होता. मी एका बाटलीत रिमूव्हरचे थेंब टाकले. त्या दिवशी सुरेख पातळ झाला. पुढच्या आठवड्यात गुठळ्या, वर पाणचट थर. रिमूव्हर रंग मोडायला असतो, तो बाटलीत घालायचा नाही. घट्ट झालेल्या रंगासाठी वेगळा नेलपॉलिश थिनर मिळतो, त्यात रंगात मुळात असतात तेच द्रावक असतात. उरलेल्या दोन बाटल्या त्याच्या तीन-तीन थेंबांनी जिवंत झाल्या. ती तिसरी मात्र गेली, आणि ती गेली माझ्यामुळे, म्हणून तिला गुण दिले नाहीत.

मोरपिशीबद्दल थोडं. अठरांतली माझी सर्वांत लाडकी, आणि सर्वांत दगाबाजही. पहिल्या फेरीत मी बेस कोट लावलाच नव्हता. चार दिवसांनी रंग काढला तर नख खालून हिरवट पिवळं. कापूस घासला, लिंबू चोळून झालं, साबण झाला. काही नाही. गर्द लाल, निळे, हिरवे रंग नखात मुरतात, आणि मुरलेला डाग घासून जात नाही, नखाबरोबर वाढून पुढे सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं व्हायला ६ महिने जातात. माझ्या डाव्या अनामिकेवर तो डाग आता अर्ध्यावर आला आहे. दर रविवारी बघते, कुठवर पोचला. आता गर्द रंगाखाली बेस कोट, घाई असली तरी.

चकाकी असलेल्या दोन बाटल्यांचं परीक्षण एका वाक्यात: लावायला पाच मिनिटं, काढायला सगळी दुपार. जाड ग्लिटर रिमूव्हरच्या कापसाने घासून निघत नाही, नखच सोलवटतं. ओला कापूस नखावर ठेवून वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायची आणि दहा मिनिटं काहीही करायचं नाही. दहाही बोटांना टोप्या घातलेल्या असताना दारावरची घंटा वाजते, हा माझा अनुभव आहे. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतो, म्हणून हे काम देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब, खिडकी उघडी ठेवून.

मॅट काळा मला आवडेल असं वाटलं नव्हतं. चमक नसल्याने त्यावर प्रत्येक फराटा दिसतो आणि हाताला क्रीम लावलं की तो चकाकायला लागतो, म्हणजे त्याचा मूळ मुद्दाच संपतो. पण पहिल्या दोन तासांत तो इतका देखणा दिसला की मी उगाच पुस्तकाची पानं सावकाश उलटत बसले.

दुसऱ्या फेरीनंतर अकरा नापासांपैकी आठ पास झाले. गर्द निळा दोनवरून नऊवर. उरले तिघे: तो पांढरा, एक फ्लुरोसंट नारिंगी आणि एक फिक्कट पिवळा. पांढऱ्याला मी दुसरी संधीही दिली नाही, तो पहिल्या दिवसापासून टाकायच्या पिशवीत होता. नारिंगी बाटलीत डोळे दिपवणारा, नखावर मळका आणि पातळ. पिवळ्याने तर छळ मांडला. पहिल्या हाताला फराटे, दुसऱ्याला डाग, तिसऱ्याला रंग खडूसारखा, कडेला साचलेला. पातळ हात, कोरडं नख, दिवसाउजेड, सगळं करून झालं. तिसऱ्यांदा बसले आणि तिसऱ्यांदा काढला. वहीत लिहिलं: "आता खरंच रंगाचा दोष. १."

रविवारी बहिणीचा फोन आला. मी जरा ऐटीतच यादी वाचून दाखवली. पिवळ्यापाशी तिने अडवलं.

"ताई, तो तर माझा सगळ्यात आवडता. आणि नारिंगीसुद्धा. पांढऱ्यावर लावलेस ना?"

"पांढऱ्यावर?"

"अगं, खाली पांढऱ्याचा एक पातळ हात द्यायचा. नाहीतर नखाचा रंग वर येतो. म्हणून तर ती पांढरी बाटली ठेवली होती. तिला धक्का लावू नकोस हां."

मी "हो हो" म्हणून फोन ठेवला आणि कोनाड्यातून पिशवी काढली. पांढरी बाटली सगळ्यात तळाशी होती. मी शेवटचं झाकण लावताना तिची मानसुद्धा पुसली नव्हती, त्यामुळे ते घट्ट बसलेलं. फडका गुंडाळून पाहिलं, रबरबँड गुंडाळून पाहिलं. आता ती वाटीभर कोमट पाण्यात उलटी उभी आहे, आणि मी नखं पुसून, खिडकीपाशी, हात कोरडे ठेवून बसले आहे.