आधी पुठ्ठ्याचं कार्ड, मग खरं

आठ वर्षांपूर्वी घेतलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट अजून धड आहे, त्यामुळे ते बदलायचं नाही, एवढंच माझं पक्कं होतं. आतलं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १०५० टीआय, मात्र ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रडायला लागलं होतं. त्याच्या जागी आरटीएक्स ४०६० टीआय घ्यायचं ठरवलं आणि मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराला विचारलं, माझ्या कॅबिनेटमध्ये बसेल ना? "बसेल ओ, सगळ्यांचं बसतं." सगळ्यांचं म्हणजे कोणाचं, हे विचारायची सोय नव्हती, मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. "घरी बघून येतो" म्हणून निघालो.

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कार्डाची कमाल लांबी ३२० मिमी दिली होती. माझ्या मनात भरलेलं तीन पंख्यांचं कार्ड ३०५ चं. म्हणजे १५ मिमी शिल्लक! तरी रात्री झाकण काढलं. आधी शिवणाच्या डब्यातली टेप लावली, पण ती मधेच लोंबते आणि दर वेळी वेगळा आकडा सांगते. मग मुलीच्या कंपासपेटीसोबतची स्टीलची पट्टी घेतली. मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूपासून, म्हणजे कार्डाच्या टोकाची धातूची पट्टी जिथे टेकते तिथून, पुढच्या पत्र्यापर्यंत बरोबर ३२० भरले. माहितीपत्रक खोटं नव्हतं. पण त्या पत्र्याला आतून दोन पंखे मीच हौसेने लावले होते, प्रत्येकाची जाडी २५ मिमी. उरले २९५. आणि कार्ड ज्या उंचीवर येणार, नेमका तिथेच हार्ड डिस्कचा पिंजरा पुढे आलेला. पट्टी पिंजऱ्याला टेकली तेव्हा आकडा होता २६८.

पिंजरा काढता आला असता, पण त्याला स्क्रू नाहीत, रिव्हेट आहेत. ड्रिल लावायचं म्हणजे आधी सगळे भाग बाहेर काढायचे, नाहीतर लोखंडाचा चुरा मदरबोर्डवर. एवढी खटपट तिसऱ्या पंख्यासाठी? नको. त्याच चिपचं दोन पंख्यांचं कार्ड २४० मिमीचं मिळत होतं, मी तिकडे वळलो.

आता रुंदी. स्लॉटपासून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड खोचायच्या खाचेपासून, झाकणापर्यंत १६० मिमी, कार्ड १२५ चं. उरलेल्या ३५ मिमीत आठ पिनांची केबल वळायला हवी, कारण ती कार्डाच्या वरच्या कडेला, थेट झाकणाच्या दिशेने लागते. जुन्या कार्डाला वेगळी केबलच नव्हती, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर त्याचं भागायचं. म्हणून हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

जाडी ४२ मिमी. दोन स्लॉटमधलं अंतर २० मिमीच्या आसपास असतं, म्हणजे 'दोन स्लॉटचं' कार्ड तिसऱ्यात थोडं डोकावणारच.

आकड्यांनी समाधान होईना, म्हणून कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, २४० बाय १२५, आणि थरावर थर चिकटवून ४२ मिमीचा ठोकळा केला. बायको म्हणाली, "शाळेचा प्रोजेक्ट का?" जुनं कार्ड काढून ठोकळा आत सरकवला आणि तो पुढच्या कोपऱ्यात अडला. बघतो तर खाली साटाची, म्हणजे डिस्कच्या केबली लावायची, दोन तोंडं, वर बघणारी, आणि त्यांत खोचलेल्या ताठ केबली. हा अडथळा कुठल्याच आकड्यात आला नव्हता. एक केबल डीव्हीडी रायटरची निघाली. तो शेवटचा कधी उघडला होता ते आठवेना, सरळ काढून टाकली. दुसरी एसएसडीची, तिच्यासाठी काटकोनात वळलेल्या तोंडाची केबल आणली.

पुढच्या शनिवारी कार्ड घरी आलं. ते सरळ आत जात नाही, तिरकं धरून आधी त्याच्या धातूच्या पट्टीची खालची जीभ मदरबोर्डच्या कडेमागे घालावी लागते. तेवढ्यासाठी पिंजऱ्याकडचे २८ मिमी कामी आले. खटका वाजला. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जुडग्यात आठ वर्षं बांधून पडलेली सहा-अधिक-दोन, म्हणजे आठ पिनांची केबल सोडवून लावली. झाकण बसवताना ती जरा कुरकुरली, पण स्क्रू आटे धरून बसला. पिंजरा आणि कार्ड यांच्यामध्ये आता एक बोट आरामात जातं. दोन नाही.