तुम्ही विचारलंत म्हणून: नळी काढली की माणूस उपाशी मरतो का?

“सिस्टर, खरं सांगा, नळी काढली तर ते उपाशीच मरतील ना?”

हा प्रश्न बेडशेजारी कुणी विचारत नाही. वॉर्डबाहेरच्या पॅसेजमध्ये विचारतात, तोही आवाज खाली करून, जणू पेशंटला ऐकू जाईल. माझी नोकरी संपली तरी प्रश्न संपलेला नाही. आता तो फोनवर येतो.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून अन्न आणि पाणी देणं थांबवल्यावर माणूस साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. त्यात अन्नापेक्षा पाणी नसण्याचा भाग मोठा. मूत्रपिंडं मंदावत जातात, गुंगी वाढत जाते. ज्याच्या मेंदूचा जाणिवेचा भागच निकामी झाला आहे, त्याला भूक जाणवत नाही. शेवटच्या टप्प्यात थोडी शुद्ध असलेले लोकही बहुधा भुकेची तक्रार करत नाहीत, कोरड पडल्याची करतात. म्हणून ओला बोळा तोंडातून फिरवत राहायचं, ओठ ओलसर ठेवायचे. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्या दिवसांत याहून महत्त्वाचं काम नसतं.

एवढं सांगितल्यावर समोरचा मान हलवतो आणि त्याचं समाधान झालेलं नसतं. मला ते कळतं. ती नळी बहुतेक वेळा माझ्याच हाताने गेलेली असायची. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, खूण करायची, जेली लावायची आणि “गिळा, गिळा” म्हणत आत सरकवायची. ती पोटात आहे, फुप्फुसात नाही, याची खात्री करायची. मग दर काही तासांनी बेड डोक्याकडून उचलायचा, ५० मिलीची सिरिंज उंच धरायची आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्यायचं. शेवटी पाणी घालून नळी धुवायची. यात चव नाही, वास नाही, चावणं नाही. थोडी शुद्ध असलेला पेशंट नळी उपसून काढतो, मग त्याच्या हाताला बँडेजचा मोजा चढतो. चार्टवर आम्ही ‘फीड’ लिहायचो, सलाइनच्या शेजारच्या रकान्यात. पण नातेवाईक यायचे आणि विचारायचे, “जेवले का बाबा?”

सगळा वाद या दोन शब्दांमधला आहे.

अमेरिकेतल्या कॅरेन क्विनलनच्या आईवडिलांनी कायमची शुद्ध हरपलेल्या लेकीचा व्हेंटिलेटर काढता यावा म्हणून १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि जिंकला. व्हेंटिलेटर निघाला, पण ती स्वतःहून श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत, म्हणजे आणखी नऊ वर्षं, नळीवर जगली. ती नळी काढा, असं त्याच आईवडिलांनी कधी म्हटलं नाही. मला यात विसंगती दिसत नाही. व्हेंटिलेटर यंत्र वाटतं, नळी ताट वाटते.

न्यायालयांनी पुढे हे ताट मानलं नाही. हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत मेंदूला इजा झालेल्या टोनी ब्लँडच्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९९३ मध्ये नळीतून भरवणं हा उपचारच धरला. उलट, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये म्हटलं की नळीतून दिलं तरी अन्नपाणी हे अन्नपाणीच. पुढच्याच वर्षी फ्लॉरिडातल्या, शुद्ध हरपून वर्षानुवर्षं नळीवर असलेल्या टेरी शायव्होवरून सारी अमेरिका भांडली. नवरा म्हणत होता, तिला असं जगायचं नव्हतं. आईवडील म्हणत होते, ती आमच्याकडे बघते. संसदेने मध्यरात्रीनंतर खास कायदा संमत केला, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्याच रात्री सही केली, तरीही न्यायालयं बधली नाहीत. १८ मार्चला नळी निघाली, ३१ मार्चला ती गेली.

तिची नजर फुग्यामागे फिरतेय अशी एक चित्रफीत तेव्हा टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत. शवविच्छेदनात मेंदूचं वजन ६१५ ग्रॅम भरलं, अपेक्षेच्या जेमतेम निम्मं, आणि दृष्टीचा भाग मृत निघाला. तरीही मी तिच्या आईला खोटं म्हणणार नाही. उघड्या डोळ्यांच्या पेशंटसमोर मी स्वतः कितीदा “बघा, बघतायत” म्हटलंय. ते डोळे फिरतात. आपण त्यांच्या वाटेत उभे असतो, एवढंच.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, हल्ल्यात मेंदूला इजा होऊन तिथेच अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांचं उदाहरण माझ्यासमोर हमखास ठेवतात. ते मात्र वेगळं आहे. केईएमच्या परिचारिका त्यांना वर्षानुवर्षं मऊ केलेलं अन्न तोंडाने भरवत होत्या. भरवणं थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, त्या परिचारिकांच्या बाजूने मी तेव्हाही होते, आजही आहे. जो घास गिळतो त्याचा घास थांबवणं आणि नळी काढणं, ही मापं माझ्यासाठी एक नाहीत.

कायदा आणि नीतिशास्त्र शिकवतात की उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेला थांबवणं यात फरक नाही. तर्काला धरून आहे. हाताला पटत नाही. न घातलेल्या नळीसाठी कुणी रात्रभर जागं राहत नाही.

एक गृहस्थ आठवतात. स्मृतिभ्रंश फार पुढे गेलेला, गिळताना ठसका लागायचा. मुलगा घाबरलेला होता. मी म्हटलं, “नळी घालूया, काळजी मिटेल. थोडे दिवसच.” अशा पेशंटमध्ये नळीने ना आयुष्य वाढल्याचं दिसतं, ना फुप्फुसात अन्न जाण्याचा धोका टळतो. हाताने, सावकाश, जमेल तेवढं भरवावं, असंच आता जाणकार सांगतात. मला तेव्हा हे पुरतं ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वॉर्डात हाताने भरवायला माणूसही नव्हता. ते थोडे दिवस चौदा महिने चालले. न्यूमोनियानेच गेले. मधे एकदा मुलगा म्हणाला होता, “सिस्टर, आता बंद करता येईल का?” मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. आणि सिरिंज धुवायला लागले.

म्हणून आता फोनवर हा प्रश्न आला की मी उलट विचारते, नळी घातली तेव्हा काय ठरलं होतं? कशासाठी घातली, किती दिवस बघायचं, फरक पडला नाही तर काय करायचं? पलीकडे बहुधा शांतता असते.

परवा एक बाई म्हणाल्या, “काहीच नाही हो ठरलं. घाईत सही केली मी.”

मी म्हटलं, घाईत मीही असायचे.